नांव आणि ठिकाण

इंदापूर तालुक्यांतील कळस गांवचें एखादें कुटुंब आपल्या छायाचित्रांच्या संग्रहांत ‘कळस’ हा शब्द शोधूं लागलें, तर त्यास स्वतःचें गांव सांपडेल, पुणें शहरांतील कळस सांपडेल, अकोले तालुक्यांतील सांपडेल, आणि शिवाय हरएक देवळाचें शिखरहि! ही अडचण जुनीच आहे. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तेव्हांपासून चित्राचें स्थळ त्याखालच्या ओळीवरूनच कळे. ओळ पुसली कीं स्थळहि गेलें.

१९९५ सालीं चित्राबरोबरच त्याची माहिती सांठविण्याचा संकेत जपानांत ठरला. पुढें तींत अक्षांश-रेखांशहि आले. मे २००० मध्यें अमेरिकेनें उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम ठेविलेली चूक काढून टाकिली, आणि सामान्य माणसाचें यंत्रहि ठिकाण बरेंच अचूक सांगूं लागलें. आज हजारों चित्रें नकाशावर आपापल्या जागीं आपोआप जाऊन बसतात.

तथापि केवळ अंकांनीं काम भागत नाहीं. याच तालुक्यांत १९८० च्या सुमारास उजनी धरणामुळें जुनें पळसदेव पाण्याखालीं गेलें. गांव दुसरीकडे वसलें, नांवहि त्याबरोबर गेलें. पळसनाथाच्या जुन्या देवळाचें चित्र नांवावरून लावावें तर तें नव्या गांवांत जाऊन पडेल. अंकांवरून लावावें तर नकाशावर नुसतें पाणी दिसेल. आजोबांच्या पेटींतील चित्रांवर तर अंकहि नाहींत. म्हणून यंत्रानें अंक खुशाल लिहावे. परंतु अंगण कोणाचें होतें, हें वडील मंडळी आहेत तोंवरच त्यांस विचारून घरच्या माणसानें लिहून ठेवावें.