झाडावरचे हॉटेल

'सफर' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मूळ शब्द अरबी, अर्थ प्रवास. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. तोच शब्द अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. आज सफारी म्हटले की उघड्या टपाची गाडी, गळ्यात दुर्बीण आणि रात्री जंगलातल्या लॉजवर मुक्काम असे चित्र डोळ्यांपुढे येते. मुलाबाळांसह करायची ही सहल आहे. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच गोड नाही.

२०१८ मध्ये आम्ही घरची पाच माणसे केनियाला गेलो होतो. नऊ वर्षांची नात बरोबर होती. न्येरी गावाहून बसने अबरडेअरच्या जंगलात 'ट्रीटॉप्स' नावाच्या लॉजवर पोचलो. लाकडी खांबांवर उभी असलेली इमारत, समोर पाणवठा. संध्याकाळी रानरेडे आले, मागून हत्ती आले. नात गच्चीच्या कठड्याला चिकटून बसली, जेवायलाही उठेना. सकाळी वाटाड्याने सांगितले, की मूळचे हॉटेल समोर होते, पण ते जाळले गेले. नातीने लगेच विचारले, "आबा, कुणी जाळलं? वाईट माणसं होती का ती?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

सफारीची सुरुवात बंदुकीने झाली. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. ती बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच दगावले. सावो नदीवरच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट याच कामावरची. या रेल्वेने मग हौशी शिकारी येऊ लागले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मुलाला घेऊन आले आणि दोघांनी मिळून पाचशेहून अधिक जनावरे मारली. तीही एका अर्थाने कौटुंबिक सफारीच होती!

ट्रीटॉप्सची कल्पना वेगळी होती. १९३२ मध्ये एरिक शेरब्रुक वॉकर या हॉटेलमालकाने उंबराच्या जातीच्या एका प्रचंड झाडावर दोन खोल्या बांधल्या. खाली पाणवठा, वर पाहुणे. गोळी घालायची नाही, फक्त बघायचे. शेवटचा टप्पा पायी चालावा लागे. बरोबर बंदूकधारी माणूस असे, आणि एखादे जनावर अंगावर आलेच तर वर चढायला वाटेतल्या झाडांना शिड्या लावून ठेवलेल्या असत. रात्रभर शांत बसून प्राणी पाहण्यातही आनंद आहे, हे या दोन खोल्यांनी अनेकांना शिकवले.

५ फेब्रुवारी १९५२ रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ पतीसह इथे मुक्कामाला आली. हत्तींचा कळप पाणवठ्याशी उभा असताना ती चालत शिडीपर्यंत गेली आणि वरून सिने-कॅमेऱ्याने तिने त्या हत्तींचे चित्रण केले. तिच्याबरोबर ७६ वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांमुळे मराठी वाचकांना घरच्यासारखे झालेले कॉर्बेट १९४७ च्या अखेरीस हिंदुस्थान सोडून बहिणीसह न्येरीला स्थायिक झाले होते. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात राजे सहावे जॉर्ज झोपेत वारले. राजकन्या म्हणून झाडावर चढलेली मुलगी राणी होऊन खाली उतरली. तिला मात्र ही बातमी दुसऱ्या दिवशी सगाना येथील बंगल्यावर कळली. या योगायोगामुळे ट्रीटॉप्सचे नाव जगभर झाले.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण ज्या झाडावर ती राजकन्या झोपली, ते झाड कुणाचे होते?

या झाडाला किकुयू लोक 'मुगुमो' म्हणतात. ते त्यांचे पवित्र झाड. त्याच्या सावलीत ते प्रार्थना करत, बळी देत. आसपासच्या सुपीक डोंगराळ मुलखाला साहेबाने 'व्हाइट हायलँड्स' नाव दिले आणि तिथली जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली. हिंदी माणसालाही तिथे शेतजमीन घेता येत नसे. ज्यांची जमीन गेली ते किकुयू त्याच मातीत मजूर म्हणून राबू लागले. हा असंतोष साठत गेला आणि त्यातून माऊ माऊ बंड उभे राहिले. राणीच्या मुक्कामानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, केनियात आणीबाणी जाहीर झाली.

बंडखोर अबरडेअरच्या जंगलात शिरले. सरकारने ते जंगल निषिद्ध क्षेत्र ठरवले, त्यावर विमानांतून बाँब टाकले. मे १९५४ मध्ये बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळले. झाडही जळाले. बंडखोरांचे हातही स्वच्छ नव्हते. मार्च १९५३ मध्ये लारी गावात त्यांनी आपल्याच जमातीच्या बायकामुलांना मारले. दुसरीकडे सरकारने हजाराहून अधिक माणसे फासावर चढवली आणि हजारोंना छावण्यांत डांबून त्यांचा छळ केला. त्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये खेद व्यक्त केला आणि पाच हजारांहून अधिक वृद्धांना भरपाई देण्याचे मान्य केले. बंडाचे नेते देदान किमाथी यांना फेब्रुवारी १९५७ मध्ये फाशी झाली. त्याच वर्षी पाणवठ्याच्या दुसऱ्या बाजूला नवे, मोठे ट्रीटॉप्स उभे राहिले. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. १९७७ मध्ये त्या सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि सफारीतली बंदूक जाऊन कॅमेरा तेवढा उरला. आम्ही पाहिलेले हॉटेलही २०२१ मध्ये, कोविडने पर्यटक आटल्यावर, बंद झाले.

आपल्याकडचे ताडोबा आठवा. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. नाव तारू या गोंडांच्या देवावरून आलेले. वाघासाठी तिथली गावे उठवली गेली. वाघ वाचला ही मोलाचीच गोष्ट आहे. पण वाघ बघून परतताना तारूचे देऊळ कुणाचे, आणि त्याचे भक्त आता कुठे राहतात, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

नातीला मी उशिरा उत्तर दिले. म्हटले, "बाळा, ज्यांचं ते झाड होतं, त्यांनीच ते जाळलं. माणूस स्वतःचं देवाचं झाड जाळतो, तेव्हा त्याच्याकडून किती काढून घेतलं होतं, हे आधी विचारायचं असतं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि आपण तिथे हत्ती बघायला गेलो होतो."

होय, आपण हत्तीच बघायला गेलो होतो. पुन्हाही जाऊ. मात्र पाणवठ्याकडे बघताना समोरच्या त्या मोकळ्या जागेकडेही एकदा बघू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)