तळटीप : रत्नागिरीची काळी वाळू
* लेखकाने मांडवीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूला सरसकट ‘लोखंडाची वाळू’ म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. तिच्यातले काळे, जड दाणे मुख्यतः दोन खनिजांचे : मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. दुसऱ्यात लोहाबरोबर टायटॅनियम असते, आणि काळबादेवी, मालगुंडच्या वाळूला मोल आहे ते त्याच्यामुळे.

रंगावरून दोन्ही ओळखू येत नाहीत. चमकही जवळपास तीच, कठिनताही सहाच्या आसपास. इथे उपयोगी पडते चुंबक. वाळलेल्या वाळूवरून साधे चुंबक फिरवले की मॅग्नेटाइटचे कण झटकन वर येऊन चिकटतात. इल्मेनाइट बहुतेक जागचे हलत नाही, त्याला बरेच जोरकस चुंबक लागते.

वजनाची कसोटी समुद्र स्वतःच घेतो. क्वार्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, इल्मेनाइटचे सुमारे ४.७, मॅग्नेटाइटचे ५.२. परतणारी लाट हलके दाणे ओढून नेते आणि जड दाणे मागे राहतात. पावसाळी उधाणानंतर काळे पट्टे म्हणूनच ठळक होतात.

हेमॅटाइट या तिसऱ्या लोहखनिजाचा खडा मात्र वरून काळा दिसला, तरी बिनझिलईच्या चिनीमातीवर घासताच तांबडी रेघ उमटवतो. जांभ्याला तांबडेपणा येतो तो मुख्यतः याच खनिजाने.