ठाण्याच्या खाडीवरील रेल्वेपूल आणि ‘दापूरी’ या नांवाचा घोटाळा

आपल्याकडील रेल्वेच्या इतिहासाविषयीं जें लेखन होतें, त्यांत एक विधान वारंवार आढळतें. तें असें कीं, १८५४ च्या मे महिन्यांत मुंबई-ठाणें लोहमार्ग कल्याणपर्यंत वाढविला, तेव्हां उल्हास नदीवर ‘दापूरी व्हायाडक्ट’ नांवाचा पूल बांधण्यांत आला. पुष्ट्यर्थ एक जुनें छायाचित्र पुढें करतात. त्याखालीं दापूरी हें नांव व १८५५ हा सन असतो. या विधानांतील मार्गाचें वर्ष बरोबर आहे. नदी चुकली आहे, आणि गांव तर घाटमाथ्यावरचें आहे.

प्रथम नदी पाहूं. प्रस्तुत लेखक भिवंडीजवळ पूर्णा येथें राहतो. उल्हास नदी कल्याणच्या उत्तर अंगानें येऊन कशेळी-काल्हेरच्या बाजूनें वसईच्या खाडीकडे जाते. आम्हांस ठाण्यास जावयाचें तर कशेळीस ती ओलांडावी लागते. उलट ठाणें, कळवें, मुंब्रा, डोंबिवली व कल्याण हीं सर्व ठिकाणें नदीच्या दक्षिणेस आहेत. म्हणजे १ मे १८५४ रोजीं सुरू झालेल्या या टप्प्यांत उल्हास ओलांडण्याचा प्रसंगच येत नाहीं. आड आला तो ठाणें व कळवें यांमधील खाडीचा फांटा. उल्हासेची गांठ कल्याणच्या पुढें पडते, आणि तो वासिंदचा मार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजीं उघडला. नकाशा पुढें घेतला असता तर हा प्रमाद टळता.

आतां ठाण्याचा पूल. तो दोन भागांत होता, एक १११ यार्डांचा व दुसरा १९३ यार्डांचा. काम दगडी कमानींचें. परंतु खोल पाण्याच्या जागीं ८४ फुटांचा लोखंडी पेटीवजा गर्डर टाकून गलबतांस वाट ठेविली होती. ही युक्ति कोठून आली हें सांगणें कठीण नाहीं. कंपनीचे सल्लागार एंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन होते, व येथील मुख्य एंजिनियर जेम्स जॉन बर्कले त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले. स्टीफन्सननें वेल्सच्या किनाऱ्यावर लोखंडी नळीचा ब्रिटानिया पूल १८५० मध्यें पुरा केला होता. त्याच वर्षीं इंग्लंडांत वेल्विनजवळ चाळीस कमानींचा विटांचा व्हायाडक्ट उघडला. ठाण्याच्या कामांत या दोन्ही रीतींचें लहानसें मिश्रण दिसतें, असें माझें मत आहे; मात्र विटेऐवजीं दगड.

राहिलें ‘दापूरी’. हें पुण्याजवळील दापोडी होय, याविषयीं मला शंका नाहीं. तेथें मुळेच्या कांठीं गव्हर्नराचा बंगला व सरकारी वनस्पतिबाग असल्यामुळें गांव इंग्रजांच्या लेखनांत वारंवार येतें, आणि तें दापूरी असेंच लिहिलेलें असतें. मराठी स्वरमध्यगत डकार इंग्रजी कानास रकारासारखा लागतो. आपले वैयाकरण ‘डलयोरभेदः’ म्हणून थांबले; साहेबांनीं ड आणि र यांचाही अभेद केला!

लोहमार्ग मुळा ओलांडतो तो याच ठिकाणीं. परंतु खंडाळा-पुणें हा भाग १४ जून १८५८ रोजीं वाहतुकीस खुला झाला. खालचा घाटमार्ग तर १८६३ च्या एप्रिलांत. तेव्हां १८५५ मध्यें दापोडीस धांवती गाडी असणें अशक्य आहे. स्थळ खरें धरलें तर सन खोटा, सन खरा धरला तर स्थळ खोटें.

दोहोंपैकीं कोणतें टाकावें? पोथ्यांच्या व्यवहारांत आपण जो नियम लावतों तोच येथें लावावा. ठाण्याच्या चित्रावर दूरच्या दापोडीचें नांव घालण्यास कोणासही कारण नव्हतें. उलट सन हा बहुधा मागाहून, दुसऱ्या हातानें व अंदाजानें पडतो. यास्तव मीं सन टाकतों, आणि हें चित्र दापोडीचें, १८५८ च्या सुमाराचें अथवा त्यानंतरचें समजतों.

संग्राहकांस विनंती अशी कीं, ज्यांच्याजवळ या चित्राची जुनी प्रत असेल त्यांनीं पुठ्ठ्याची मागील बाजू व अक्षराचें वळण पाहावें, आणि नांव व सन एकाच शाईचे आहेत कीं कसें तें मंडळास कळवावें.