भांडे टिकते कशाने?

इतिहास राजवाड्यात सापडतो, तसा तो स्वयंपाकघरातही सापडतो. घरात जुने पितळी पातेले शिल्लक असेल, तर त्याचा काठ निरखून पाहावा. टिंबाटिंबांनी कोरलेले नाव दिसेल. क्वचित सालही दिसेल. ज्याचे ते नाव, तो गृहस्थ केव्हाच गेला. पातेले मात्र तीन पिढ्यांची आमटी शिजवून अजून उभे आहे. ते इतके टिकले कशाने, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

त्याचे पहिले उत्तर घडणीत आहे. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट पुण्याच्या कसबा पेठेत वसले; ‘तांबट आळी’ हे नाव आजही त्याची साक्ष देते. तांब्याचा पत्रा तापवून मऊ करावयाचा, ठोकून त्याला घाट द्यावयाचा आणि शेवटी हातोडीने मठारावयाचा, अशी त्यांची रीत. मठारकामाच्या त्या खळ्या केवळ शोभेसाठी असतात, असा आपला समज असतो. परंतु ठोके बसले म्हणजे धातू कठीण होतो आणि हंड्याला सहजासहजी पोचे येत नाहीत. घेणारेही पारखी असत. भांडे हातावर तोलून, काठ चाचपून आणि जोड पाहून मगच ते घेत.

दुसरे उत्तर हिशेबात आहे. भांडे वजनावर विकले जाई. धातूचे दाम वेगळे, घडणावळ वेगळी. भांडे फुटले तरी मोडीचा भाव पदरात पडे आणि तोच धातू पुन्हा आटविला जाई. दुष्काळात दागिन्यांपाठोपाठ भांडी बाजारात येत, ती यामुळेच. सामान्य घराचे फडताळ हीच त्याची पेढी होती.

परंतु खरे उत्तर, माझ्या मते, कल्हईत आहे. तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते आणि खाणाऱ्यास बाधते. म्हणून आतून कथलाचा लेप हवा. कल्हईवाला दारात भाता लावी, भांडे तापवी आणि नवसागराची पूड टाकी. तिने धातूवरील मळ सुटे. मग कथील चिंधीच्या बोळ्याने आतून फिरविले की भांडे रुप्यासारखे चकाके. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. या अंतरावरच सारी विद्या उभी आहे. पण त्याच कारणाने रिकामे भांडे विस्तवावर ठेवले तर कल्हई उतरते, आणि राखेने रगडून घासले तर झिजते. लोभी कारागीर कथलात स्वस्त शिसे मिसळी. ते तर विषच. म्हणजे भांडे सांभाळावयाचे तर गृहिणीला धातूचा स्वभाव ठाऊक असावा लागे आणि कल्हईवाल्याची पारखही असावी लागे.

पुढे काळ पालटला. १८८६ साली अॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची कृती सापडली. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद सिद्ध केले. स्टीलने घराघरांतील बायकांचे घासण्याचे कष्ट कमी केले. हा उपकार नाकारून जुन्याचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. चिंचेने हंडे घासून ज्यांचे हात सोलले, त्यांना ते ऐकवू नये.

तरी त्या सोयीबरोबर एक गोष्ट हातची गेली. कल्हई उडाली की आतला तांबूस रंग दिसे. वस्तू आपले दुखणे स्वतः सांगे आणि त्यावरचा वैद्य गल्लीत हाका मारीत येई. आज आपण घेतो त्या कित्येक वस्तू बिघडेपर्यंत मुक्या राहतात, आणि बिघडल्यावर त्या उघडणाराही सापडत नाही. कल्हईवाला दुर्मिळ झाला, तशी धडधाकट पातेलीही मोडीत निघाली. त्यांचा धातू झिजला नव्हता, त्यांना सांभाळणारे हात तेवढे उरले नव्हते.

म्हणून नवी वस्तू घेताना किंमत जरूर विचारावी, पण आणखी दोन प्रश्न विचारावेत: हिचे आधी काय झिजेल, आणि ते कोण नीट करील? आपल्या आज्यांनी हे प्रश्न कासाराच्या दुकानात उभ्या राहून विचारले होते. त्यांची उत्तरे नीट मिळाली, म्हणून ते पातेले आपल्यापर्यंत पोहोचले.