डीसी अवंती
डीसी अवंती ही डीसी डिझाइन या भारतीय कंपनीची दोन आसनी स्पोर्ट्स कार होती. दिलीप छाब्रिया यांनी रचना केलेली ही गाडी जानेवारी २०१२ मध्ये नवी दिल्लीतील ऑटो एक्स्पो प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यात होत असे.

रचना
रेनो कंपनीचे २ लिटर क्षमतेचे, सुमारे २५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आसनांच्या मागे बसविलेले होते. ही शक्ती मागील चाकांना मिळत असे.

ट्रॅक आणि रस्ता
इंजिन मध्यभागी असल्यास वजन दोन्ही आसांच्या दरम्यान एकवटते व गाडी वळणावर चटकन दिशा बदलते. शर्यतीच्या ट्रॅकचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने तेथे गाडी जमिनीलगत आणि सस्पेन्शन ताठ ठेवता येते. भारतीय रस्त्यांवरील खड्डे व गतिरोधक यांमुळे मात्र अशा गाडीचा तळ घासतो. त्यामुळे काही परदेशी स्पोर्ट्स गाड्यांत पुढचा भाग उचलण्याची यंत्रणा असते. अवंतीत जमीन आणि तळ यांतील अंतरच सुमारे १७० मिलिमीटर ठेवले होते. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर सरकतो व वळणावर गाडी अधिक कलते. रस्त्यावरील सोयीची किंमत ट्रॅकवर मोजावी लागते ती अशी.