जुनी गिटार : जपावी की बदलावी?

सन १९७० मध्ये एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाने अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या एका दुकानातून फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी खरेदी केल्या. त्यांतील तीन जॉर्ज हॅरिसन, पीट टाऊनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना भेट म्हणून गेल्या. उरलेल्या तीन सुट्या करून, त्यांतले उत्तम भाग निवडून एकच गिटार जुळवण्यात आली. काळ्या रंगामुळे तिला 'ब्लॅकी' हे नाव पडले. २००४ मध्ये ख्रिस्टीज या संस्थेने केलेल्या लिलावात ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना विकली गेली आणि ती रक्कम क्लॅप्टनने स्थापन केलेल्या अँटिग्वा बेटावरील व्यसनमुक्ती केंद्रासाठी देण्यात आली.

संग्राहकांचा रूढ दंडक लावला, तर ब्लॅकी म्हणजे तीन अस्सल वाद्ये मोडून केलेला जोडकाम-नमुना होय. तरीही तिला एवढी किंमत आली. इलेक्ट्रिक गिटारच्या छंदातील मूळ पेच या विसंगतीतच दडलेला आहे. वाद्य जसे घडले तसेच जपायचे, की आपल्या हाताला आणि कानाला रुचेल तसे बदलायचे? नव्याने या छंदाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते ठरवावे लागते. आणि ते हत्यार हाती घेण्यापूर्वी ठरवलेले बरे.

सुटे होणारे वाद्य

व्हायोलिन वा सतार दुरुस्त करणे हे कसबी कारागिराचे काम. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. पुढे 'टेलिकास्टर' या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिची मान धडाला सरसाने चिकटवलेली नव्हती, तर स्क्रूंनी बसवलेली होती. मान खराब झाली तर दुसरी बसवावी, असा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरनेही हीच पद्धत स्वीकारली.

ध्वनीचे मर्म पिकअपमध्ये असते. लोहचुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. एकाच वेटोळ्याचे पिकअप आसपासच्या विजेची गुणगुणही पकडते. हा दोष घालवण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून 'हमबकर' तयार केले. १९५७ पासून ते गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले. पिकअप, आवाजाची बटणे, तारा ताणणाऱ्या खुंट्या, ब्रिज असे सारे भाग पेचकस आणि सोल्डरच्या साहाय्याने बदलता येतात. त्यामुळे फेरफाराचा मोह या वाद्याच्या रचनेतच आहे.

फेरफारांचे दशक

१९७० च्या दशकात या मोहाला बाजारपेठ लाभली. डिमार्झिओने १९७२ मध्ये अधिक जोरकस आवाजाचे 'सुपर डिस्टॉर्शन' हे पिकअप आणले. १९७६ मध्ये सेमूर डंकन यांची कंपनी सुरू झाली. १९७८ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिकेने गाजलेल्या एडी व्हॅन हेलनने स्वस्तातले धड आणि सुटी मान जोडून, त्यांत गिब्सनच्या एका गिटारमधून काढलेले हमबकर बसवले आणि त्यावर सायकलीचा रंग फासला. 'फ्रँकेन्स्टाइन' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गिटारने हजारो तरुणांच्या हाती पटाशी दिली.

त्या काळी १९५० च्या दशकातील गिटार ही केवळ 'वापरलेली' गिटार होती. नवे पिकअप बसावे म्हणून अनेकांनी तिच्या धडात खाच कोरली, नवा रंग चढवला, जुने भाग फेकून दिले. आज त्याच गिटारींचा शोध जगभर घेतला जातो.

अस्सलपणाची मोजपट्टी

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यापूर्वीच्या फेंडर गिटारी संग्राहक वेगळ्या मोलाने पाहतात. गिब्सनच्या बाबतीत हा मान १९५८ ते १९६० या काळातील, पिवळ्या-तांबूस छटांच्या 'लेस पॉल स्टँडर्ड' या गिटारला आहे. अशा गिटारी दोन हजारांहून कमी बनल्या. त्या वेळी खप नसल्याने कंपनीने ही घडणच बंद केली होती.

अशा वाद्याची पारख म्हणजे छोटा पुरातत्त्वीय शोधच असतो. आवाजाच्या बटणांखालील भागांवर सांकेतिक आकडे असतात. उदाहरणार्थ, १३७६३३२ या क्रमांकात १३७ हा निर्मात्याचा संकेत, ६३ हे वर्ष आणि ३२ हा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते. फेंडरच्या मानेच्या टोकाशी अनेकदा तारीख लिहिलेली आढळते. धडामागील पत्र्यावरचा क्रमांक मात्र पुरेसा पुरावा नव्हे, कारण तो पत्रा चार स्क्रू काढून दुसऱ्या गिटारला लावता येतो. अतिनील प्रकाशात जुने नायट्रोसेल्युलोज लाखरोगण हिरवट-पिवळे चमकते, तर नंतर रंगवलेला भाग बहुधा वेगळा उठून दिसतो. सोल्डरचे सांधे पूर्वी कोणी हलवले आहेत का, हेही जाणकार पाहतात.

मूळ रंग काढून नवा दिलेला असेल, किंवा लेस पॉलचे डोके तुटून जोडलेले असेल, तर किंमत सुमारे निम्म्यावर येते, असा या व्यवहारातला ढोबळ हिशेब आहे. दिसण्यावरच सारे ठरू लागल्यावर कारखान्यांनीही संधी साधली. १९९५ मध्ये फेंडरने मुद्दाम झिजवलेल्या, ओरखडे पाडलेल्या 'रेलिक' गिटारी विक्रीस आणल्या. ही झीज जोवर उघडपणे सांगितली जाते, तोवर तिला आवड म्हणता येते. लपवली गेली की ती फसवणूक ठरते.

शिसवाचा धागा

या बाजाराचा एक धागा भारतापर्यंत येतो. जुन्या गिटारींच्या बोटपट्ट्यांसाठी ब्राझीलचे रोझवुड वापरले जाई. ते दुर्मिळ होत गेल्यावर भारतीय रोझवुडने त्याची जागा घेतली. मराठी घरांतील पलंग-कपाटांमुळे परिचित असलेले शिसव ते हेच. १९९२ मध्ये ब्राझिली रोझवुड वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात गेले. २०१७ मध्ये शिसवासह त्या कुळातील इतर लाकडांवरही निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, परंतु ब्राझिली रोझवुडला ती लागू नाही. परदेशातून जुनी गिटार मागवणाऱ्याने बोटपट्टीचे लाकूड आधी तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

घेताना आणि बदलताना

सामान्य हौशी माणसाने मात्र गुंतवणुकीचा विचार बाजूस ठेवावा. गिटार घेताना मान सरळ आहे का, तिच्यातील लोखंडी सळई फिरते का, फ्रेट किती झिजले आहेत, हे पाहावे. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात लाकूड फुगते, मानेचा बाक बदलतो आणि तारा गंजतात. पेटीत आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या ठेवणे आणि ऋतुबदलानंतर सळई जाणकाराकडून जुळवून घेणे, एवढी निगा पुरते.

फेरफारांबाबत एक नियम उपयोगी पडतो : जे पूर्ववत करता येते ते निःसंकोच बदलावे, जे येत नाही ते करण्यापूर्वी थांबावे. पिकअप बदलता येते. काढलेले मूळ पिकअप, स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून जपावे. लाकडात कोरलेली खाच आणि खरवडलेला रंग मात्र कायमचा असतो.

अपवाद असतात. 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिलमूरने १९७० मध्ये घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान अनेकदा बदलली गेली, पिकअप बदलले गेले, धडात कोरकामही झाले आणि ते पुढे बुजवले गेले. २०१९ च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि ते पर्यावरणरक्षणाच्या कार्यासाठी देण्यात आले. तिथे किंमत लाकडाची नव्हती, ती गिटार ज्या हाती वाजली त्या हातांची होती. इतरांच्या हाती आलेले जुने वाद्य त्यांच्यानंतरही कोणाच्या तरी हाती जाणार असते. त्या पुढच्या वादकाला निवड करण्याची मुभा उरावी, एवढे भान ठेवले तरी पुरे.