कोतवाल बुकातले पणजोबा

कुलवृत्तांत ही आपल्याकडे दीर्घकाळ मोजक्या घराण्यांची मिरास होती. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील सामान्य कुणब्याचा पूर्वज सापडतो तो गाव नमुना चौदाच्या वहीत. गावातील जन्ममृत्यूची खबर कोतवाल देई, म्हणून तिचे लोकांतले नाव कोतवाल बुक. तारीख, नाव, बापाचे नाव, जात; आडनाव पुष्कळदा नाहीच.

2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, आधी मराठवाड्यात, मग राज्यभर, आणि या जीर्ण वह्यांना एकाएकी मोल आले. नोंदी जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवर चढल्या. घरबसल्या पणजोबा शोधण्याची सोय झाली खरी. पण पुष्कळ पाने मोडीत, आणि मोडी वाचणारे थोडे. शिवाय पानावरचा 'राणू वल्द खंडू' आपलाच कशावरून? त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार यांची साखळी जुळवावी लागते. माझ्या मते वारसाच्या एका फेरफाराची सर दुसऱ्या कागदाला नाही.

कारण प्रमाणपत्रासाठीची वंशावळ चालते बापाकडून. आजी-पणजी तीत उतरतच नाहीत. फेरफारात मात्र त्या भेटतात. नवरा वारला की 'गंगूबाई भ्र. राणू' अशी त्यांची नावे लागतात, 'भ्र.' म्हणजे भ्रतार. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर लेकींचीही नावे वारसांत येऊ लागली, आणि कित्येकदा पुढच्याच फेरफारात, भावांच्या नावे हक्कसोडपत्र होऊन, ती कमी झाली.